पुढच्या खोलीतला पलंग

कथबर्ट : मग त्यांना बसवलंस कुठे?

हिल्डा : आधी बूट तर काढ. सूप निवतंय.

कथबर्ट : मंगळवारी मी मैदानावर असताना लँकेशायरच्या फुटबॉल क्लबचे मॅनेजर मला संघात घ्यायचं का ते बघायला घरी आले. कुठे बसवलंस त्यांना, हिल्डा?

हिल्डा : पाहुण्याला कुठे बसवतात? पुढच्या खोलीत. सासूबाईंच्या ठेवणीतल्या कपात चहा दिला.

बा : बरोबरच केलं तिनं. हॅटवाला माणूस दारात आला की आपल्या गल्लीत पुढचीच खोली उघडतात. पाद्री आला तरी, आणि मढं निघायचं असलं तरी.

कथबर्ट : आणि सध्या त्या खोलीत काय आहे, बा?

बा : ... तुझा पलंग.

हिल्डा : त्यावर धुतलेली चादर घातली होती मी.

कथबर्ट : काय म्हणाले ते?

हिल्डा : घरात कोणी आजारी आहे का, म्हणाले. म्हटलं, देवाच्या दयेनं सगळे बरे आहेत. गुडघ्याचं अवाक्षर काढलं नाही मी, कथबर्ट. मग ते जिन्याकडे बघत राहिले. चहा अर्धा टाकून उठले.

कथबर्ट : बोलायचं राहिलं काय मग? विंगवर धावणारा गडी, वय एकोणतीस, आणि जिना चढवत नाही म्हणून खाली झोपतो!

बा : स्वयंपाकघरात बसवायचं होतंस, पोरी.

हिल्डा : स्वयंपाकघरात? तुम्ही बादलीत पाय घालून बसला होतात, बा!

कथबर्ट : लँकेशायरवाल्यांनी नकार कळवला. आणि आज आपल्या क्लबच्या दारावर यादी लागली. कुणाला ठेवलं, कुणाला सोडलं.

हिल्डा : तुला सोडलं?

कथबर्ट : ठेवलं.

हिल्डा : देवा, तुझे उपकार...

कथबर्ट : घाई करू नकोस. नाव ठेवलंय, पगार नाही. पण माझी नोंदणी त्यांच्याकडे, त्यामुळे ते सोडेपर्यंत लीगमधला दुसरा क्लब मला घेऊ शकत नाही. कधी गिऱ्हाईक लागलंच तर विकता येईल, एवढ्यासाठी ठेवलंय.

बा : खाणीतल्या तट्टालाही ठेवायचं तर दाणा घालतात.

हिल्डा : नाताळच्या दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात तू पडलास, तेव्हाच बाहेर काढायला हवं होतं तुला.

कथबर्ट : बाहेर काढून आत कोणाला घालणार? नियमात बदली माणूस असतो का? थंड पाण्याचा स्पंज फिरवला, म्हणाले, ऊठ. उठलो.

हिल्डा : ह्या वेळी घालवलं ते मी.

(शेगडीत कोळसा फुटल्याचा आवाज.)

हिल्डा : डिसेंबरपासून रोज पहाटे त्या गुडघ्यावर हात ठेवून प्रार्थना करते मी. एक दिवस चुकवला नाही. तू झोपेत असायचास.

कथबर्ट : जागा असायचो.

हिल्डा : मग बोलला नाहीस कधी?

कथबर्ट : तेवढा वेळ दुखायचं नाही. बोललो असतो तर तू हात काढला असतास.

बा : महायुद्धानंतर फुटबॉलसाठी तू खाण सोडलीस, तेव्हा अख्ख्या गल्लीनं बँड लावून तुला निरोप दिला होता. दहा वर्षं झाली.

कथबर्ट : परत येताना बँड नको म्हणावं.

बा : सोमवारी मुकादमाच्या कानावर घालतो. कोळशाच्या जुन्या थरात माणूस हवाय त्यांना.

हिल्डा : तो दोन फुटी थर? बा, तिथे माणसाला उभंसुद्धा राहता येत नाही. सगळी पाळी गुडघ्यांवर काढायची.

कथबर्ट : घालू दे बांना कानावर.

हिल्डा : मग निदान मुकादमाला ह्याच्या गुडघ्याचं तरी सांगा. मी येते हवं तर. खरं काय ते सांगेन.

बा : तिथे कुणी विचारत नाही, पोरी.