जाळ्याला घातलेला वळसा

त्या दिवशी वारा अगदी मंद होता आणि समुद्र तेलासारखा सपाट. मुंबईहून गोव्यापर्यंत शिडाच्या होड्यांची शर्यत होती. मला नकाशा वाचता येत नाही, पण वारा कळतो, म्हणून एका शेटने मला आपल्या होडीवर घेतलं होतं. आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. आमच्या केरी गावासमोर आलो तर कुणाचं तरी जाळं आडवं.

शेट ओरडला, "काका, सुरी घ्या, कापा!"

मी म्हटलं, "जाळ्यार सुरी चलवूक माझो हात धजना, शेट. वळसो घालूया."

त्या वळशात आम्ही तिसरे आलो.

घरी येऊन शेजारच्या पांडूला हे सांगितलं. तो उठला आणि घरातून हातभर इसवण, म्हणजे सुरमई, कालवणाला घेऊन आला.

"हो इसवण माझ्या त्याच जाळ्यातलो, दादा. पयलो नंबर काय हुमणात घालूक येता?"