अकरा गाठींची दोरी

नाही, आत नको येऊ तानुबाई — उंबऱ्यापाशीच बस, मले तठूनही ऐकू येते. पुन्हा सांगतो, तुह्या वावराची मोजणी दुरुस्त झाली, नवा नकाशा बुलढाण्याले गेला, अन् इहीर आता शेजारच्या भगवानरावाच्या वावरात हाये. काय म्हणून राह्यली, इहीर का चालत गेली? अव, इहीर नाही सरकत, धुऱ्याचा बांध सरकतो. कागदावरचा धुरा सरकवाले बैल लागत नाहीत.

हे काय काढलं पदरातून? दयारामची दोरी? आठवते ना मले. तुह्या नवऱ्यानं चार दिवस माह्यासंग मोजणीची साखळी ओढली. दर साखळीले मी वहीत आकडा लिहायचो अन् तुह्या वावरात तो कमरेच्या दोरीले एक गाठ मारायचा. मी हसायचो — काय बे दयाराम, सरकारची वही असताना तुह्या गाठी कोण वाचते? लिहिता येत नव्हतं त्याले, पण चुकायचा नाही, खोटं काऊन बोलू. लिंबापासून इहिरीपलीकडच्या धुऱ्यालोक अकरा गाठी. मोजू नको, अकराच भरतीन. वहीत नऊ हायेत.

काऊन म्हणजे? वही भिजली. शेवटच्या दिवशी नाल्याले पाणी होतं, अन् आकडे शाईच्या पेन्सिलीचे — पाणी लागलं की सारा जांभळा चिखल. दयाराम म्हणलाच होता, साहेब, वही मले द्या, डोक्यावर धरून नेतो, तुमचा पाय निसटन. पण वही कशी देऊ? ती माह्या पिशवीत, जेवणाच्या डब्याशेजारी राहते. तुम्ही लोकांनी धर्म बदलला, चांगलं केलं, पण माह्या घरी माय हाये ना, तिनं तो डबा घरात घेतला नसता. साखळीचं येगळं, ती लोखंडाची, तिले चालते. तं वही मीच धरली, अन् मीच पडलो. त्यानंच बाहेर ओढलं मले, दंडाले धरून. आता जिवावर बेतल्यावर कोण पाहते — घरी गेल्यावर आंघोळ केली मी.

मंग हप्ताभर कचेरीत बसून वही दुरुस्त केली. दिसते ते ठेवलं, पुसलं ते अंदाजानं भरलं. अंदाजात भगवानरावाकडं दोन साखळ्या ज्यादा भरल्या गेल्या, तं गावाची बेरीज जुळवाले कोणाच्या तरी दोन कापाच लागतात ना? वरचा साहेब बेरीज पाहतो, वावर नाही पाहत. भगवानरावाच्या खोडल्या असत्या तं तो दहा माणसं घेऊन आला असता. अन् तुह्या घरी कोण होतं? दयाराम त्याच हप्त्यात तापानं गेला — तो काय, दिवस बुडेलोक त्या पाण्यात उभा राह्यला, माह्या वाहून गेलेल्या चपला हुडकत. मी म्हणलं होतं त्याले, एक तरी सापडली पाहिजे. सापडली एक. एकीचं काय करू मी? ... जाऊ दे. सांगाचं काय, तुह्या घरून बोलणारं कोणी नव्हतं, म्हणून सोपं पडलं. भगवानरावाचा चहासुद्धा नाही घेतला मी, कोणालेही इचार.

आता नवा साहेब सोमवारी येऊन राह्यला. भला माणूस हाये, दोरी पाह्यली तं फेरमोजणी लावनही. म्हणून म्हणतो, दे इकडं, तुह्या अर्जाले जोडून ठेवतो. हातात नको — उंबऱ्यावर ठेव, मी उचलतो. हां.

लय घट्ट गाठी मारेल हायेत बाप्पा. नख लागत नाही. दातानंच सोडा लागन... ही लिंबाजवळची. ही दुसरी. अशी काऊन उठली, बस ना. आत पाय टाकला तं शिपायाले बोलावीन. सात. आठ. घामाची खारट चव हाये अजून दोरीले. ही दहावी, इहिरीजवळची. अन् ही अकरावी. सरळ झाली पाह्य कशी. किती दिवसाचं दप्तर सुटं पडलं होतं माह्यं, बांधाले दोरी भेटत नव्हती.

जाय आता. तुह्या गावची मोटर सुटन.