वॉर्डाच्या दारात रिजेक्ट

...नाही, पण मला सांगा, नाक तेवढं गळत होतं, बाकी मी ठणठणीत, आणि ती भिमाबाई, वॉर्डातली मावशी हो, दारात हात आडवा करून म्हणते, "मागं सरा दादा, शिंकणारा मानूस आत न्हाई." आता तुम्हाला सांगतो, तेवीस वर्षं महाळुंग्याच्या कंपनीत मी क्वालिटीला, लोकांचा माल मी परत धाडायचा, आणि ही बाई मलाच रिजेक्ट करते? आत माझी आई, खुब्याचं ऑपरेशन झालेली, माझ्या हातून भरवल्याशिवाय जिच्या घशाखाली घास उतरत नाही...

मी म्हटलं, "मावशी, नाक तेवढं गळतंय, बाकी ठणठणीत. आमच्यात माल थोडा उन्नीस-बीस असला ना, तर सही घेऊन डेव्हिएशनवर पास करतात. तसं करा की." ती म्हणते, "आत सोळा म्हाताऱ्या हायेत. मागल्या थंडीत एक नातू असाच नाक पुशीत आला, आजीला पेढा भरवून गेला. आजी बारा दिवस ऑक्सिजनवर, शेजारच्या दोघी तापानं फणफणल्या. कुणाच्या सहीनं पास करू तुमाला?" घ्या! वर मला मास्क लावला, हात धुवायला लावले, खाली तपासणीला पिटाळलं, निघाला फ्लू. पाच दिवस घरी. पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये मी डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेतोय, आईचा मोबाइल माझ्याच खिशात, तिला त्रास नको म्हणून ठेवलेला, आणि जीव सगळा त्या खाटेपाशी... जेवली असेल का हो ती?

सहाव्या दिवशी ताप उतरला. नाक तेवढं गळत होतं, बाकी ठणठणीत. आणि मला एकदम आठवलं, अहो, डेव्हिएशनला सही लागते ती गिऱ्हाइकाची! इथं गिऱ्हाईक कोण? आई! लावला वॉर्डात फोन, म्हटलं, "मावशी, तिलाच विचारा, घेते का मला." फोन आईकडं गेला. आवाज इतका टवटवीत, की मी नंबर पुन्हा बघितला.

"जोतीराम, घाई नको करू बाबा. इथं वरणभात गरम मिळतो, शेजारच्या चिमाबाईशी गप्पा होतात. तू आलास की दर घासाला 'चाव, चाव', दर तासाला 'गोळी घेतलीस का'. नाक पुरतं कोरडं होऊ दे तुझं. सावकाश ये."

जेवतेय, हसतेय... बरं वाटलं हो, खोटं कशाला बोलू. पण तुम्हाला सांगतो, गिऱ्हाइकानंच माल नको म्हटल्यावर क्वालिटीवाल्यानं भांडायचं कुणाशी?