चौकशीचा फोन

(दवाखान्याबाहेरचा जिना. दोघी मैत्रिणी एकाच पायरीवर बसल्या आहेत. एकीची आई आत, नंबर लागायची वाट बघत.)

— तू मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. व्हिसा नाकारला. आणि कुणामुळे, तर माझ्या सख्ख्या आईमुळे.

— काकूंमुळे? त्या काय विमानासमोर आडव्या पडल्या?

— ऐक म्हटलं ना. व्हिसा सरळ आहे. मी घरी बसून परक्या कंपनीच्या ॲपचे स्क्रीन बनवते, बरोबर? तेच काम लॅपटॉपवर तिकडे परदेशात बसून करायचं, वर्षभर राहायचं, पगार आहे त्याच कंपनीचा. अट एकच, तिथे नोकरी शोधायची नाही. तिथल्या लोकांच्या पोटावर पाय नको म्हणून. मी कंपनीचं पत्र दिलं, पगार दाखवला, विमा काढला. सगळं चोख.

— मग माशी शिंकली कुठे?

— व्हिसावाल्यांनी खात्री करायला घरच्या नंबरवर फोन केला. मी मीटिंगमध्ये, कानात हेडफोन. आईने उचलला. पलीकडची बाई आपल्याच भाषेत बोलणारी, गोड. आईला वाटलं चौकशी म्हणजे चौकशी, स्थळाकडूनच फोन आल्यासारखी सुरू झाली. मुलगी काय करते? तर म्हणे, घरीच असते हो, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही.

— अगं बाई.

— थांब, पुढे आहे. बाई विचारते, तिकडे गेल्यावर काय करणार? आई म्हणते, ती काळजीच नको, भारी कामसू आहे. मिळेल ती नोकरी धरेल. एकदा रुळली की तिथलीच होऊन जाईल.

— हसू का थोडं?

— हसलीस तर या जिन्यावरून ढकलून देईन. आणि संध्याकाळी मला काय सांगते, आज तुझं काम फत्ते केलं. फत्ते. मी जेवताना उड्या मारत होते. आणि परवा नकार आला, कारण काय, तर तिथे नोकरी शोधण्याचा इरादा.

— पण घरीच असते, हे काही खोटं नाही ना?

— हाच, हाच माझा राग आहे. किती वर्षं त्या खोलीत राबतेय आणि तिच्या लेखी मी नुसती घरीच असते. पार्सल आलं, तू घरीच आहेस. नळवाला आला, तू घरीच आहेस. मी साहेबाशी बोलतेय आणि दार ढकलून एक कार्टं माझ्या मांडीवर. का, तर आईच्या पाळणाघरातली बाकीची निजलीत आणि हे एकटंच जागं झालंय. ती घरात बसून लोकांची पोरं सांभाळते ते काम. मी घरात बसून करते ते बसणं.

— हे बोललीस त्यांना?

— बोलले नाही, किंचाळले. पोरं रडायला लागली सगळी. म्हटलं, माझ्या पायावर धोंडा तूच घातलास, मी जायलाच नको होतं तुला.

— खरंच नको होतं त्यांना?

— तीच तर पंचाईत आहे. तिने माझी बॅगसुद्धा भरून ठेवलीय, स्वेटर सगळ्यात वर. वाईट असती तर बरं झालं असतं गं, धड भांडता तरी आलं असतं.

— अपील नाही करता येत?

— येतं. त्यासाठीच आलोय इथे. व्हिसाचा एजंट म्हणतो, आईचं बोलणं खोडायचं तर एकच रस्ता. डॉक्टरांकडून लिहून आणा, की बाईंना आताशा नीट आठवत नाही, बोलण्यात घोळ होतो.

— काकूंना? त्यांना माझ्या पहिलीतल्या डब्यात काय असायचं तेही आठवतं.

— माहितीये मला.

— आणि पाळणाघर? या डॉक्टरांकडे अर्धी गल्ली येते. जरा कुजबुज झाली की कोण ठेवेल पोर त्यांच्याकडे?

— माहितीये, मास्तरीणबाई, शिकवू नकोस. एजंटला मी वाट्टेल ते बोलले, फोन आपटला. मागे वळले तर आई दारात, कडेवर पोर. म्हणाली, एवढंच ना? चल, घेऊ लिहून.

— आणि तू आणलंस त्यांना?

— तिने आणलं मला. रस्ताभर मी भांडतेय, तिच्याशी, एजंटच्या नावाने, रिक्षावाल्याशी. आणि ती रिक्षाचे सुटे मोजतेय.

— मग आत जा आणि सांग, नको म्हणून.

— आणि पुढे? नवा अर्ज करायचा तर वर्ष थांबायचं. कंपनी थांबेल माझ्यासाठी? वर्षभर परत तीच खोली, परत तू घरीच आहेस. मला फुटून जायला होतं तिथे.

— (आई, दारातून) अगं ए, उन्हात काय बसलात दोघी? नंबर आला आपला. मला एक सांग, डॉक्टरांनी वार विचारला तर चुकीचाच सांगायचा ना? की एखादं उत्तर बरोबर देऊ, खरं वाटायला?

— तू हो पुढे, आई. मी आले.

— लवकर ये गं. पोरं शेजारी ठेवून आलेय.

— बघितलंस? आता बोल ना. मघापासून तोंड चालतंय तुझं. तू असतीस तर काय केलं असतंस?