भावोजींच्या कार्डावरचे सोळा ग्लास

मिसिंग रजिस्टर क्रमांक १७/२०२५ च्या चौकशीकामी घेतलेला जबाब
दिनांक १२ फेब्रुवारी २०२५, बुधवार, दुपारी १२.२०

मी, हर्षवर्धन दत्ताराम घाडीगावकर, वय ३९ वर्षे, धंदा नोकरी (लिफ्ट देखभालीच्या खासगी कंपनीत सुपरवायझर), राहणार लालबाग, मुंबई. पोलीस ठाण्यातून फोन आल्यावरून आज समक्ष हजर होऊन सांगतो की, वरील ठिकाणी मी पत्नी माया हिच्यासह राहतो.

हरवलेले इसम रामदास गणपत साळवी, वय ४९, हे माझी मोठी बहीण नम्रता हिचे यजमान, म्हणजे माझे भावोजी. ते परळला राहतात व रे रोडला लाकडाच्या वखारीत कामाला आहेत. त्यांना नूपुर नावाची सोळा वर्षांची मुलगी आहे. सोमवार दिनांक १० रोजी सकाळी अकराच्या सुमारास ते घरातून निघून गेले, ते अद्याप परत आलेले नाहीत. त्यांचा मोबाइल त्यांच्या बॅगेत घरीच आहे. त्याआधीचे तीन दिवस ते माझ्यासोबत क्रूझवर होते, म्हणून मला बोलावले आहे.

भावोजींना पूर्वी दारूचे व्यसन होते. तीन वर्षे चार महिन्यांपूर्वी त्यांनी दारू सोडली. दर मंगळवारी ते दादरला दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला जातात. शिवाय घरी त्यांनी एक पद्धत पाडली आहे. कामावरून आले की चपला काढण्याआधी ते दारातच उभे राहून ताईच्या तोंडासमोर 'हा' करून श्वास सोडतात. ताई वास घेते आणि मग बाजूला होते. याला त्यांच्या घरात हजेरी म्हणतात. ताईने कधी मागितली नव्हती, त्यांनीच सुरू केली. सणावाराला जमलो की मी यावरून त्यांची खेचायचो. ते हसायचे.

मला कंपनीकडून मुंबई, गोवा आणि परत मुंबई अशा तीन रात्रींच्या क्रूझचे दोन माणसांचे तिकीट बक्षीस मिळाले होते. मायाच्या वडिलांचे ऑपरेशन असल्याने ती येऊ शकत नव्हती, म्हणून मी भावोजींना विचारले. ताई तयार नव्हती. ती म्हणाली, "हर्षू, बोटीवर जिकडेतिकडे दारू असते म्हणतात. नको रे." मी म्हणालो, "ताई, टेन्शन नको घेऊस. मी आहे ना. माझी जबाबदारी." हे मी माझ्या घरी, मायासमक्ष बोललो. माझ्या लिव्हरवर चरबी निघाल्याने मीसुद्धा दारूला हात लावणार नाही, असे त्याच दिवशी मायाला कबूल केले होते.

पेयांच्या पॅकेजबाबत विचारले असता सांगतो की, आधी पैसे भरून पॅकेज घ्यावे की बोटीवर लागेल तसे घ्यावे, यावर मी आठ दिवस मोबाइलवर व्हिडिओ बघितले. माझा स्वभावच तसा आहे. अनलिमिटेड थाळी असली की मी पोळी कमी आणि बासुंदी जास्त घेतो. जबाब लिहून घेणाऱ्या महिला हवालदार कमल तांबे यांनी मध्येच विचारले, "माझा भाचा लग्नानंतर जाणार आहे बोटीने. ते पॅकेज परवडतं का हो?" मी सांगितले की दिवसाला सहा ग्लास होत असतील तर परवडते, त्याखाली नुकसान, आणि गोव्याला उतरायच्या दिवशी तर हमखास नुकसान. हे लिहू नका असे मी म्हणालो. मॅडम म्हणाल्या, सांगितलेत तर लिहावे लागते.

पॅकेजचा नियम असा होता की खोलीतील एकाने घेतले तर दुसऱ्यानेही घेतलेच पाहिजे. मात्र दुसरा माणूस दारू पीत नसेल तर तसे लिहून दिल्यावर त्याला फक्त सरबत-सोड्याचे स्वस्त पॅकेज मिळत होते. ते लिहून देण्याची जागा फॉर्मवरच होती. मी ती वाचली होती. भावोजींना वाचून दाखवली नाही, कारण फॉर्म मी एकट्यानेच भरला. दोघांच्याही नावापुढे मी दारूच्या पॅकेजवर खूण केली. बोटीवर प्रत्येकाला त्याच्या नावाचे कार्ड मिळते, एका कार्डावर एका वेळी एकच ग्लास मिळतो आणि पुढच्यासाठी अर्धा तास थांबावे लागते, हे मला व्हिडिओवरून माहीत होते. भावोजींचे कार्ड मोकळेच राहणार होते. भावोजींना ई-मेल नसल्याने त्यांच्या नावापुढे मी नूपुरचा ई-मेल दिला.

शुक्रवार दिनांक ७ रोजी दुपारी तीन वाजता बोट सुटली. चारच्या सुमारास मी माझ्या कार्डावर पहिला ग्लास घेतला. तो संपल्यावर भावोजींना म्हणालो, "भावोजी, तुमच्या कार्डावर एक आणून द्या ना." ते म्हणाले, "माझं कार्ड तूच घेऊन जा की." मी सांगितले की कार्ड लावले की काउंटरच्या स्क्रीनवर फोटो येतो, दुसऱ्याला देत नाहीत.  मग ते गेले आणि व्हिस्कीचा ग्लास आणून माझ्यापुढे ठेवला. नंतर बेसिनवर जाऊन साबणाने हात धुऊन आले. प्रत्येक वेळी ते असेच हात धुऊन येत. मी त्यावरूनही त्यांना चिडवले.

मी त्यांना फुकट फिरायला नेले होते आणि मी त्यांच्या बायकोचा भाऊ. ते मला नाही म्हणणार नाहीत हे मला ठाऊक होते. तीन दिवसांत त्यांनी अशी सोळा वेळा व्हिस्की आणली. सोळाच्या सोळा ग्लास मी प्यायलो. त्यांनी एक थेंबही घेतला नाही. बोटीच्या कंपनीने पाठवलेल्या, त्यांच्या नावावरच्या पेयांच्या यादीत लिंबू सोडाही असेल, तोही बघावा. यादीत त्यांचा स्वतःचा काय तो तेवढाच.

शनिवारी गोव्याहून बोट निघाल्यावर आम्ही वर डेकवर बसलो होतो. तेव्हा ते आपणहून म्हणाले, "सुरुवातीला ना हर्षू, फार जोर यायचा. तेव्हा मी वखारीतून सुटल्यावर घरी न जाता शीवच्या किल्ल्यावर जाऊन बसायचो. वरच्या दगडी बांधावर. जोर ओसरला की उतरायचो. नम्रताला ओव्हरटाइम सांगायचो." मी विचारले, आता येतो का जोर? ते म्हणाले, "दोन वर्षं नव्हता आला." मी पुढे विचारले नाही. माझ्या हातात त्यांनीच आणलेला ग्लास होता.

रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास ते म्हणाले, "हर्षू, आता पुरे कर. माझ्या हाताचा वास जात नाही." मी म्हणालो, "अहो भावोजी, पैसे भरलेत." त्यानंतर त्यांनी आणखी दोन ग्लास आणले. पुढे मला उलटी झाली. त्यांनी मला खांद्याला धरून खोलीत नेले, त्यात त्यांचा निळ्या चौकड्यांचा शर्ट खराब झाला. सोमवारी सकाळी उतरताना माझ्याकडे चांगला शर्ट उरला नव्हता. त्यांच्या बॅगेत ताईने इस्त्री करून दिलेला एक पांढरा शर्ट होता, तो त्यांनी मला दिला. "मायासमोर तसा नको जाऊस," म्हणाले. स्वतः तोच निळा शर्ट पाण्याने पुसून अंगात घातला. मिसिंगच्या वर्णनात निळ्या चौकड्यांचा शर्ट लिहिला आहे तो हाच. त्याला येणारा वास माझा आहे.

टॅक्सीने ते मला लालबागला सोडून पुढे परळला गेले. घरी काय झाले ते मला नूपुरने सांगितले आहे. बोटीच्या कंपनीकडून भावोजींच्या नावाची ती यादी ई-मेलने तिच्या मोबाइलवर आधीच आली होती आणि ताईने ती पाहिली होती. भावोजी दारात उभे राहिले आणि रोजच्यासारखी हजेरी दिली. ताईने तोंड फिरवले व मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

सकाळी १०.५० वाजता मला ताईचा फोन आला. ती म्हणाली, "हर्षू, खरं सांग. हे तिकडे प्यायले का? सोळा व्हिस्की आहेत यांच्या नावावर." माया माझ्यासमोर वाटाणे सोलत बसली होती. नाही म्हटले असते तर मग कोणी प्यायल्या, हा पुढचा प्रश्न आला असता. मी म्हणालो, "जाऊ दे ना ताई. बोटीवर होतं असं. एकदा झालं, आता नाही नेणार परत त्यांना."  फोन लगेच बंद झाला नाही, पाच-सहा सेकंद नुसताच चालू राहिला. मग बंद झाला. मायाने विचारले, काय झाले? मी सांगितले, भावोजी पुन्हा घसरले. ती म्हणाली, अरेरे.

दुपारी ताईने फोन करून कळवले की ते निघून गेले. त्या दिवशी दुपारी व मंगळवारी दिवसभर मी नूपुरला घेऊन परळ, शिवडी व रे रोड भागातील बारमध्ये त्यांना शोधत फिरलो. एकूण अकरा ठिकाणी गेलो. नूपुर शाळेच्या स्नेहसंमेलनातला त्यांचा फोटो दाखवायची आणि विचारायची, "काका, हे इथे आलेले का?" तिने दोन दिवस कॉलेज बुडवले. भावोजी अशा ठिकाणी सापडणार नाहीत हे मला पहिल्या बारपासून माहीत होते. शिवडीच्या एका बारमध्ये मॅनेजरने फोटो ओळखला. म्हणाला, "साळवी ना? तीन वर्षं झाली, फिरकला नाही. बरा आहे ना?" नूपुर माझ्याकडे बघत राहिली. मी तिला म्हणालो, चल, पुढचं बघू.

शीवच्या किल्ल्याबद्दल दोन दिवस का सांगितले नाही असे विचारले असता सांगतो की, ते सांगितले असते तर ते कधी बोलले, का बोलले, हे सगळे निघाले असते. मी स्वतःही तिकडे गेलो नाही. शीवला जायला कितीसा वेळ लागतो! ते तिथे नसतील अशी मला भीती नव्हती. ते तिथे असतील आणि माझ्याकडे बघतील, याची होती.

आज सकाळी पोलीस ठाण्यात आल्यावर मला मिसिंगचा फॉर्म दिसला. त्यात व्यसनाच्या रकान्यात 'दारू' लिहिले होते आणि त्याखाली नम्रताताईची सही होती. ही नोंद चुकीची आहे. ती माझ्यामुळे झाली आहे, तरी ती खोडून 'नाही' लिहावे. त्यांचा शोध बारमध्ये न घेता शीवच्या किल्ल्यावर घ्यावा. मॅडमनी त्यावरून लगेच फोन करून तिकडे माणूस पाठवण्यास सांगितले आहे. त्यांचा पांढरा शर्ट मी धुऊन आणला आहे, तो जमा करून घ्यावा असे मी म्हणालो. तो पुरावा नाही, घरी द्या, असे मॅडमनी सांगितले. घरी कसा देऊ ते मला कळत नाही.

मायाला यातले काही माहीत नाही. तिला आज संध्याकाळी मी स्वतः सांगणार आहे, तोवर पोलिसांनी तिला फोन करू नये अशी विनंती आहे. विनंती लिहून घेतली आहे, मान्य केल्याचे मॅडम बोललेल्या नाहीत.

नम्रताताई व नूपुर सकाळपासून बाहेर बाकावर बसल्या आहेत. ताईच्या तोंडावर मला हे बोलता येणार नाही. म्हणून जबाब मला वाचून दाखवताना दार उघडे ठेवावे व मोठ्याने वाचावे, असे मी सांगितले. त्याप्रमाणे कमल तांबे मॅडमनी तो पहिल्यापासून मोठ्याने वाचला. 'त्यांनी एक थेंबही घेतला नाही' येथे ताई आत आली व ते वाक्य परत वाचा म्हणाली. ते परत वाचले. मग शेवटपर्यंत ती उभ्यानेच ऐकत राहिली. मी सांगितले तसेच लिहिले आहे.

वाचून झाल्यावर ताईने जे सांगितले ते तिच्या सांगण्यावरून व माझ्या संमतीने खाली वाढवत आहे.

यादी दाखवल्यावर भावोजी ताईशी भांडले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "मी कशाला सांगू? हर्षूला विचार. तो सांगेल. फोन स्पीकरवर टाक." ताईने फोन स्पीकरवर टाकला होता. मी बोललो तेव्हा ते समोर उभे होते. पायात चपला तशाच होत्या.

हे मला आत्ताच कळले. एवढाही मजकूर मला वाचून दाखवला. बरोबर आहे.

समक्ष: कमल तांबे, महिला पोलीस हवालदार
सही: ह. द. घाडीगावकर