आबाजीनं गांडुळं खाल्ली तो दिवस

गांडूळखताचं नाव काढू नका राजेहो, त्यानं आमच्या घरचा धर्म बुडवला. बाबानं वर्ध्याच्या घरी गच्चीवर फुटक्या टाक्यात गांडुळं पाळली होती. पोटच्या पोरापेक्षा जास्त जीव लावे त्याईले.

पितृपक्षात आबाजीचं, म्हणजे बाबाच्या वडिलाचं, पान गच्चीवर ठेवलं. कावळा आला. त्यानं वडे सोडले, खीर सोडली अन् थेट टाक्यातली गांडुळं खाऊ लागला. बाबा हात जोडून म्हणे, "आबाजी, तुम्ही तं माळकरी न!"

आई भडकली. "जनमभर मले घरात कांदा चिरू देला नाई, अन् आता गांडुळं खाऊन राह्यले?"

त्याच संध्याकाळी आमच्या घरी पहिल्यांदा अंडाकरी झाली. बाबानं गुमान ताट पुढं केलं. म्हणे, "वाढ. आबाजीची मर्जी!"