कात्री, कंगवा आणि झिपरी

हो हो, माझीच. दारात स्टुलावर बसलीये ना, जिने तुम्हाला आत यायच्या आधी 'घसा दुखतो का, नाक गळतं का, घरात कुणी आजारी आहे का' असं विचारलं आणि वर 'खोटं बोललात तर मला कळतं' असा दमही भरला, ती माझीच थोरली, आणि तुम्ही तिची तक्रार कुणाकडे करताय, माझ्याकडे? अहो साहेब, मला स्वतःला रोज सकाळी नाक दाखवून आत यावं लागतं! शटर मी उघडतो, पण पहिली आत जाते ती, मग तिने मान हलवली की मी. बसा. मान वर करा. आणि हे काय? हे कल्ले कुणी कापले? दुकान बंद होतं म्हणून दुसरीकडे गेलात, हे तुम्ही सांगायची गरजच नाही, डोकंच बोलतंय. एक कल्ला कानाच्या वर आणि दुसरा पार जबड्यापर्यंत... बरोबर आहे, त्या माणसाने वैतागून मधेच सोडलं असणार. हं, हं, हलू नका, वस्तरा आहे.

दुकान बंद का होतं विचारता? तुम्हाला सांगतो. बाकावरच्यांनीही ऐका, पेपर काय नंतरही वाचता येतो. दुकान बंद होतं ते या साहेबांमुळे! नाही नाही, उठू नका, फेस लावलाय. आठवतंय का, मागच्या खेपेला याच खुर्चीत बसला होतात, मी तुमच्या मिशीवर वाकलो होतो, अगदी श्वास रोखून, आणि तुम्ही काय केलंत? शिंकलात. बरं, शिंकलात ते शिंकलात, माझ्या तोंडावर शिंकलात. मी म्हटलं, साहेब, बरं नाही का? तर तुम्ही रुमालाने माझं नाही, स्वतःचं तोंड पुसलंत आणि हसून म्हणालात, "काही नाही हो, साधी सर्दी आहे."

साधी सर्दी! अहो, तुमच्याकडे असेल साधी. तुमच्याकडे ती पाहुण्यासारखी येते, चार दिवस राहते आणि जाते. आमच्या घरात साधं काही येतच नाही. आमच्याकडे सर्दी आली की घरच ताब्यात घेते.

आता आमची पोरं तुम्हाला माहीत नाहीत, म्हणून सांगतो. तीन आहेत. नावं आहेत चांगली, शाळेत तीच चालतात, पण घरी धंद्यातली नावं. दारातली ती कात्री. जीभ बघितलीत ना तिची? एकदा चालू झाली की समोरच्याचे केस उभे राहतात आणि हिला ते कापायला सोपे जातात. तिला दमा. नळापाशी उभा राहून 'अंगठा राहिला काका, अंगठा' म्हणून ज्याने तुम्हाला दोनदा हात धुवायला लावले, तो मधला, कंगवा. लुकडा, आणि दातांत फटी. त्याला साखरेचा आजार, लहान मुलांना होतो तो, रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं. आणि ती आरशाखाली बसून घोड्याचं चित्र काढतेय, ती धाकटी, झिपरी. तिला ताप चढला की फिट येते. मागे खेळाच्या बाईंनी मला शाळेत बोलावून विचारलं, "मुलगी फिट आहे ना?" मी म्हटलं, "येते ना, म्हणून तर औषध चालू आहे." बाई माझ्याकडे बघतायत, मी बाईंकडे... हसू नका हो, हलता तुम्ही.

झिपरी का म्हणतो ते दिसतंच आहे. कंबरेपर्यंत आलेत केस! उभं आयुष्य मी दुनियेच्या डोक्यांना वळण लावलं आणि पोटची पोर मला केसाला हात लावू देत नाही. माझ्या हातात कात्री दिसली की पलंगाखाली. येणारा-जाणारा टोमणा मारून जातो, 'काय हो, घरचं गिऱ्हाईक कधी बसवणार खुर्चीत?' दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी लाडीगोडी लावून बघितली, रागावून बघितलं, बाहुली कबूल केली. 'नाही म्हणजे नाही.' का गं बाई? 'नाही.' बस.

तर या झिपरीला एकच वेड, पोहायचं. शाळेमागे तो तलाव झालाय ना नवीन, तिथे तिच्या वर्गातली सगळी पोरं डुंबतात आणि ही काठावर बसून त्यांच्या चपला सांभाळते. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, हा सर्दी-तापाचा मोसम फिटशिवाय जाऊ दे, मग मी स्वतः परवानगी देते. तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. खिडक्या पुसतोय, हात धुतोय, कुणी खोकलं की पाचजण वळून बघतोय. मोसम सरत आला होता साहेब. अगदी थोडा राहिला होता. आणि तेवढ्यात तुमची साधी सर्दी!

डावा गाल झाला. तोंड इकडे... नाही, थांबा, ब्रश परत भिजवू दे.

पहिली सापडली कात्री. छाती अशी वाजायला लागली की खालच्या मजल्यावरून विचारणा, कुणी पेटी वाजवतंय का म्हणून. लावलं औषधाच्या वाफेचं मशीन. तोंडावर मुखवटा, मशीनचा घर्रर्र आवाज, आणि ही आतून बोलतेय! मी म्हणतोय, अगं श्वास घे, बोलू नकोस. तर मुखवटा जरा बाजूला करून मला म्हणते, "बाबा, मी श्वास घेता घेता बोलत नाहीये, बोलता बोलता श्वास घेतेय."

मग कंगवा. अंगात ताप, पोटात अन्नाचा कण नाही, आणि साखर वर! मला सांगा, हा कुठला न्याय? उपाशी माणसाची साखर वाढते! आमची ही कपड्यांच्या कारखान्यात शिवणाला जाते, तिने रजा मागितली तर तिथले साहेब म्हणाले, "मुलांना काय झालंय? सर्दीच ना? साधीच असेल." हिने मशीनवरचा कपडा घडी करून ठेवला आणि निघून आली. घरी येऊन तिने तिघांच्या औषधांना तीन रंगांचे दोरे बांधले. लाल कात्रीचा, निळा कंगव्याचा, नारिंगी झिपरीचा. आणि मला कामाला लावलं. आता लाल आणि नारिंगी, संध्याकाळच्या उजेडात, चष्मा डोक्यावर... मी लाल दोऱ्याची बाटली घेऊन झिपरीपुढे चमचा धरला, तर ती पोर झोपेतून एक डोळा उघडून म्हणते, "बाबा, हे ताईचं आहे. मला मारता का?" बायकोने तेव्हापासून मला औषधाच्या खात्यातून काढलं आणि भांड्यांना बसवलं. मग दुकान उघडणार कोण, तुम्ही?

ती दोघं जरा माणसात येतायत, तोवर झिपरीला कणकण. झालं. साहेब, त्या दिवसाचं मला बोलवत नाही, पण सांगतो, कारण तुम्हाला कळायला पाहिजे दारात कोण बसलंय.

दुपार कलली होती. आमची ही खाली गेलेली, औषधं आणायला. मी ओल्या फडक्याने झिपरीचं कपाळ पुसत होतो आणि एकदम तिचे डोळे वर गेले, हातपाय ताठ. फिट. आणि मी... हा हात बघा, या हातातला वस्तरा भूकंप आला तरी हलणार नाही. त्या वेळी फडकंसुद्धा धरवेना. फडकं खाली, मी तिथेच. नुसता तिचं नाव घेत बसलो.

आणि कात्री उठली. जिला दोन वाक्यं बोलून दम लागत होता, ती उठली, झिपरीला अलगद कुशीवर वळवलं, गळ्याचं बटण सोडलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. कंगवा तोवर उशी घेऊन आला, तिच्या डोक्याखाली सरकवली, खुर्ची लांब ओढली, आणि फिट लांबली तर नाकात मारायचा फवारा असतो, तो हातात तयार धरून बसला. ना आरडाओरडा, ना रडणं. माझा आवाज ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या, हातात चमचा, पोरीच्या दातांत घालायला. चांगल्या मनाची बाई, पण कात्री वळलीसुद्धा नाही.

"काकू, चमचा नको," म्हणाली. "तोंडात काही घालायचं नाही. जरा खिडकी उघडता का?"

आणि काकूंनी उघडली! ज्या काकूंनी आजवर कुणाचं ऐकलेलं नाही, स्वतःच्या नवऱ्याचं तर नाहीच, त्या मुकाट्याने गेल्या आणि खिडकी उघडून उभ्या राहिल्या. फवाऱ्याची वेळ आलीच नाही. झिपरी सैल पडली, श्वास नीट सुरू झाला, डोळे मिटून झोपली. मग कात्री म्हणाली, "थांबली." आणि भिंतीला टेकून खाली बसली, तेव्हा मला तिची छाती ऐकू आली. तिने स्वतःच पंप काढून ओढला. आणि कंगवा फवारा जागेवर ठेवून हळूच माझ्यापाशी आला. म्हणतो, "बाबा, आता माझं बघायचं का? मगापासून हात थरथरतायत. साखर उतरली असणार."

मगापासून! धाकटीचं होईपर्यंत थांबला होता तो. मी त्याला साखरेचं पाणी पाजलं, आणि खरं सांगतो, मी रडलो. भीतीने नाही. भीती केव्हाच गेली होती. असली पोरं माझ्या घरात जन्मली, या अभिमानाने रडलो. लोक मला म्हणतात, 'अरेरे, तिन्ही आजारी का हो?' आजारी? अहो, तुमची धडधाकट पोरं घेऊन या आणि माझ्या तिघांसमोर उभी करा!

हलू नका, वस्तरा आहे. माझाच हात हलला? असेल. थांबा, डोळे पुसतो. साबण गेला डोळ्यात.

बाकी काय, डॉक्टरबाई म्हणाल्या, सगळं ठीक आहे, पण पोहायचं आता पुढच्या मोसमानंतरच बघू. कसं सांगायचं तिला? मी आणि आमची ही एकमेकांना ढकलतोय, तू सांग, तुम्ही सांगा. तर या पोरीने सगळं ऐकलेलं, आपण होऊन स्टुलावर येऊन बसली, पाठ माझ्याकडे केली आणि म्हणाली, "बाबा, केस कापा."

मी उडालोच. म्हटलं, का गं, आज काय झालं?

"तलावावर लांब केसवाल्यांनाच टोपी देतात. गुलाबी असते," ती म्हणाली. "आता जायचंच नाहीये ना, मग कापा. परत वाढवीन."

ऐकलंत? टोपीसाठी! पलंगाखाली लपत होती ती टोपीसाठी, आणि मी बाहुल्या कबूल करत होतो. साहेब, मी माझी चांगली कात्री काढली, केस हातात घेतले... आणि आयुष्यभराचा कारागीर, नुसता उभा. शेवटी टोकंटोकं तेवढी छाटली, नखाएवढी. तरी कंगवा मागून ओरडलाच, "बाबा, बास, टोपीपुरते राहू देत." आणि कात्री म्हणाली, सर्दी घरात दुकानातून आली ना, मग आता दुकानाच्या दारात मी. सुट्टी लागल्यापासून रोज बसते बघा. कंगवा नळावर. पुढच्या मोसमानंतर झिपरीला पाण्यात उतरवायचंच, असं दोघांनी ठरवलंय, आणि त्यांनी ठरवलं की गिऱ्हाइकाने हात धुवायचे आणि मी गप्प बसायचं. चार गिऱ्हाइकं तुटली, तुटू देत. अशी पहारेकरी पोरं कुणाच्या नशिबात असतात?

हं, आता उजवा गाल. मान इकडे... काय झालं? नाक का आक्रसताय? पावडर? पावडर तर मी अजून उघडलीच नाही. साहेब, नाही हं. दाबा. दाबा म्हणतो ना, वर बघा, दिव्याकडे बघू नका, दिव्याने अजून...

झालं. शिंकलात.

हळू बोलून काय उपयोग, ऐकलं तिने. त्या स्टुलावरून तिला पलीकडच्या गल्लीतली शिंक ऐकू येते. बघा, आलीच आत. काय गं? अगं पण अर्धी दाढी व्हायचीये त्यांची, निदान... बरं. बरं बाई. कंगव्या, दार उघड. झिपरे, तू आतल्या बाजूला सरक, चित्र घेऊन.

उठा साहेब. माझ्याकडे काय बघताय, दुकान माझं, वस्तरा माझा, पण हुकूम तिचा. टॉवेल राहू द्या गळ्यात, परत करायची घाई नाही. डावी बाजू चकाचक झालीये, उजवीकडून कुणी ओळखीचं आलं तर तोंड फिरवा. बरे झालात की या, उरलेला गाल फुकट करून देतो. आणि लोक हसले तर एवढं काय मनाला लावून घ्यायचं? सांगायचं त्यांना, काही नाही हो... साधी दाढी आहे.